भंगार, व्हिंटेज आणि आबांची जीप

आमच्या शाळेत महिन्यातून एकदा पालक-भेटीचा रविवार असतो. त्या दिवशी मैदानाच्या कडेने गाड्यांची रांग लागते. आम्हा चार-पाच जणांना मोटारींचं वेड आहे. आम्ही आधी गाड्या पाहून घेतो आणि मग आई-वडिलांना भेटतो, अशी आमची हाउसमध्ये ख्याती आहे. गेल्या पावसाळ्यातल्या अशाच एका रविवारी रांगेच्या टोकाला उंच बॉनेटची, ताडपत्रीच्या टपाची एक हिरवी जीप येऊन थांबली. बंद केल्यावरही तिचं इंजिन दोन आचके देऊन मगच गप्प झालं. आतून आमचे आबा उतरले.

आबा म्हणजे माझे आजोबा. आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले. लडाखात त्यांनी शक्तिमान ट्रक चालवला आहे. १९९१ साली पेन्शनीवर घरी आले, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी ही महिंद्राची सीजे-३बी घेतली. तेव्हाही ती जुनीच होती. गावातल्या कितीतरी बाळंतिणी या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या आहेत. गावातल्या लग्नांतले नवरदेवही तीतूनच पारावर गेले आहेत. माझ्या आईची वरातही हिच्यातूनच आली.

त्या रविवारी माझे मित्र जीपभोवती जमले. आबा खुशीत आले आणि त्यांना एकेक भाग दाखवू लागले. मी मात्र लाजेने अर्धा झालो होतो. आबा म्हणाले, "ही स्टेपनी." मी म्हणालो, "आबा, स्पेअर व्हील म्हणतात." शेजारच्या गाडीकडे बोट दाखवून आबा म्हणाले, "आमच्या जीपला हिच्यासारखी डिकी न्हाई." मी म्हणालो, "डिकी नाही आबा, बूट." आबा हसले. "बूट पायात घालत्यात बाळा." मित्र हसले, आणि मला वाटलं ते मलाच हसले.

तेवढ्यात माझ्या हरियाणाच्या मित्राने विचारलं, "ही व्हिंटेज आहे का रे?"

मी म्हणालो, "व्हिंटेज कसली? भंगार आहे. बाबा विकायचंच म्हणतायत."

आबा स्टेपनीचे नट आवळत होते. त्यांचा पाना एक क्षण थांबला आणि पुन्हा फिरू लागला. चिवड्याचा डबा माझ्या हातात देऊन "अभ्यास कर नीट" एवढंच ते म्हणाले. दर वेळी जाताना "बस, गेटपर्यंत सोडतो तुला" म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

डिसेंबरमध्ये आमची सहल म्हैसूरला निघाली. कोल्हापूर, बेळगाव, हुबळी मागे टाकत बस रात्रभर धावली. राजवाडा, चामुंडी टेकडी आणि रेल्वे संग्रहालय हे सगळ्यांसाठी होतं. आम्हा वेड्यांसाठी मात्र म्हैसूर-बंगळूर रस्त्यावरचं, श्रीरंगपट्टणजवळचं 'पयण' हे मोटारींचं संग्रहालय म्हणजे सहलीचा गाभा होता. धर्मस्थळाचे धर्माधिकारी डॉ. डी. वीरेंद्र हेगडे यांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या जुन्या मोटारी इथे ठेवलेल्या आहेत. कन्नडमध्ये 'पयण' म्हणजे प्रवास. आमच्या सरांनी सांगितलं, "आपण 'प्रयाण' म्हणतो ना, तोच हा शब्द." मला गंमत वाटली. शब्दसुद्धा प्रवास करतात आणि वाटेत एखादं अक्षर टाकून देतात.

आत गेल्यावर आम्ही सुरुवातीला कुजबुजतच बोलत होतो. पितळी दिव्यांच्या, लांब नाकाच्या, रुंद पायदानांच्या गाड्या एकीशेजारी एक उभ्या होत्या. पण पाच मोटारवेडे एकत्र आले की कुजबुज फार वेळ टिकत नाही. एका गाडीपुढे कुणीतरी म्हणालं, "काय अँटिक आहे!" दुसरा म्हणाला, "अँटिक नाही, व्हिंटेज." तिसऱ्याने क्लासिकचा मुद्दा काढला. भांडण इतकं वाढलं की सरांनी डोळे वटारले आणि तो वाद रात्रीवर ढकलला.

त्या हॉलमध्ये आमच्याबरोबर शाळेच्या बसचे ड्रायव्हर काकाही होते. तेही माजी सैनिक आहेत. एका दोन माणसांच्या उघड्या गाडीपाशी ते थांबले. तिच्या शेपटीकडचं झाकण उघडं होतं आणि आत एक छोटं गादीचं आसन होतं. झाकण उघडलं की तेच पाठ टेकायची फळी होत होतं. काका म्हणाले, "ही बघा खरी डिकी."

माझे कान टवकारले. मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? पुढं मालक-मालकीण बसायची. मागं डिकीत नोकर नाहीतर पोरं. पाऊस आला की तीच भिजायची. पुढं बंद गाड्या आल्या, मागं माणूस बसायचा बंद झाला, तिथं सामान ठेवायला लागले. पण नाव काय बदललं नाही."

परत आल्यावर मी हे शाळेच्या वाचनालयात तपासून पाहिलं. काका बरोबर होते. घोड्यांच्या बग्गीवर गाडीवानाच्या किंवा मागच्या नोकराच्या बैठकीला इंग्लंडमध्ये डिकी म्हणत. मोटारी आल्या तेव्हा मागच्या घडीच्या आसनाला तेच नाव मिळालं. अमेरिकेत त्याच आसनाला 'रंबल सीट' म्हणत. पुढे इंग्रजांनी बंद कप्प्याला बूट म्हणायला सुरुवात केली, आणि आपण मात्र डिकीच म्हणत राहिलो. म्हणजे आबा चुकीचं इंग्रजी बोलत नव्हते. इंग्रज विसरले तो शब्द ते बोलत होते.

स्टेपनीची कथा तर त्याहून भारी निघाली. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. टायर फुटला की रस्त्यातच बसून तो काढायचा, ठिगळ लावायचं आणि पुन्हा चढवायचा. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी यावर उपाय काढला. हवा भरलेला टायर चढवलेली, आरे नसलेली एक कडी त्यांनी बनवली. ती फुटलेल्या चाकावर बाहेरून घट्ट बसवायची आणि गाडी पुढे न्यायची. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव स्टेपनी स्ट्रीट. त्या रस्त्याचं नाव आज साताऱ्याच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे. आणि मी ते नाव खोडून 'स्पेअर व्हील' लिहायला निघालो होतो.

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत वादाला पुन्हा तोंड फुटलं. आधी प्रत्येकाने आपापल्या संग्रहालयाची बढाई मारली. हरियाणाचा मित्र तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमबद्दल बोलला. तिथे पालखी, बैलगाडी, सायकल, रेल्वेचा डबा आणि मोटारी सगळं एकाच छताखाली आहे. तो म्हणाला, "तिथं मी मोटारींपेक्षा बैलगाडीपुढंच जास्त वेळ उभा होतो. आमच्या घरी तशीच होती, आईने चुलीत घातली." गुजरातचा मित्र अहमदाबादजवळच्या कठवाड्याचा, प्राणलाल भोगीलाल यांच्या संग्रहाचा. तिथल्या एका जुन्या गाडीत बसून त्याने फेरी मारली होती. ते सांगताना त्याचे हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे झाले होते.

नगरच्या मित्राने, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, हुकमाचा पत्ता काढला. त्यांच्या गावात १९९४ साली सुरू झालेलं रणगाडा संग्रहालय आहे. आम्ही म्हटलं, मोटारींचं बोल, रणगाडे नकोत. तो म्हणाला, "मोटारीचंच बोलतोय. तिथं रोल्स-रॉइस आहे. सिल्व्हर घोस्ट. पण अंगावर चिलखत घातलेली." सगळे गप्प. राजेमहाराजांच्या ऐषारामाची गाडी आम्हाला माहीत होती. तिच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि मशीनगन चढवून पहिल्या महायुद्धात लढायला पाठवल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.

तेव्हा दारात उभे असलेले सर आत आले आणि म्हणाले, "म्हैसूरला आलाच आहात तर त्याच युद्धातली म्हैसूरची गोष्टही ऐका." ती अशी. १९१८ च्या सप्टेंबरमध्ये हैफा शहर घ्यायचं होतं. २२ तारखेला चिलखती मोटारींची तुकडी त्या रस्त्याने गेली. पुढून तोफांचा आणि मशीनगनचा मारा झाला आणि तिला परतावं लागलं. दुसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबरला, जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने भाले घेऊन हल्ला केला. म्हैसूर लान्सर्सचे स्वार माउंट कार्मेलच्या चढावर तोफांवर चालून गेले. त्या संध्याकाळी हैफा हाती आलं. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातले तीन सैनिक म्हणजे हैदराबाद, जोधपूर आणि म्हैसूर या तीन संस्थानांचे स्वार.

सर म्हणाले, "त्या दिवशी मोटार नवी होती आणि घोडा जुना. म्हणून जुनं म्हणजे टाकाऊ, असं पटकन म्हणू नका." ते कुणालाच उद्देशून बोलले नव्हते. पण मला वाटलं, ते मलाच बोलले.

मग मूळ वाद. सरांनीच पंचाची भूमिका घेतली आणि निकाल असा लागला की आम्ही सगळेच थोडे बरोबर होतो आणि सगळेच थोडे चूक. जुन्या मोटारींची फिवा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिच्या हिशोबाने १९०५ ते १९१८ मधली गाडी व्हेटरन, १९१९ ते १९३० मधली व्हिंटेज, १९३१ ते १९४५ मधली पोस्ट-व्हिंटेज. म्हणजे या हिशोबात व्हिंटेज हे वय नाही, जन्मसाल आहे. १९३५ ची गाडी कितीही म्हातारी झाली तरी ती व्हिंटेज होणार नाही.

आपल्या सरकारचा हिशोब वेगळा. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटून गेलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि ती दहा वर्षं चालते. इथे मात्र व्हिंटेज हे वय आहे. आणि अँटिक? १९७२ च्या पुरातन वस्तूंच्या कायद्यात बहुतेक वस्तूंना 'पुरातन' म्हणवून घ्यायला किमान १०० वर्षं लागतात. क्लासिकची तर प्रत्येक क्लबाची व्याख्या निराळी.

लाइट्स आउट झाले. सगळे झोपले. मी अंधारात बोटांवर हिशोब करत होतो. आबांच्या जीपच्या आर.सी. बुकावर पहिल्या नोंदणीचं साल १९७४ आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे पन्नाशी उलटून गेलेली. मी जिला सगळ्यांसमोर भंगार म्हणालो, ती भारत सरकारच्या हिशोबाने व्हिंटेज होती! आता बाबांना ती विकता येणार नाही, आबा खूश होतील आणि माझी चूकही धुऊन निघेल. मला वाटलं, सगळं एका शब्दाने सुटलं.

पुढच्या रविवारी शाळेच्या फोनवरून मी घरी फोन केला. आईला म्हटलं, आबांना दे. आबा आले तसा मी धडाधड सगळं सांगून टाकलं. हैफा, स्टेपनी स्ट्रीट, डिकी, ५० वर्षं, 'व्हीए' नंबर. आबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, "त्या नियमात इंजिनाचं काय म्हटलंय?"

मी सरांकडून लिहून घेतलेला कागद वाचला. गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा.

आबा म्हणाले, "पेट्रोलचं इंजिन काढून मी तिला ९६ साली डिझेल बसवलंय. बुकात नोंद हाय."

मी गप्पच झालो. मला आठवलं, मी कित्येकदा ती गोष्ट ऐकली होती. पेट्रोल परवडेना, म्हणून आबांनी आणि गावातल्या मिस्त्रीने चार दिवस खपून नवं इंजिन बसवलं होतं. मी साल लक्षात ठेवलं होतं आणि गोष्ट विसरलो होतो.

"आणि समज, व्हिंटेज म्हणून नंबर मिळाला, तर गाडी बाजाराला नेता येती का?" आबांनी विचारलं.

मी कागद पुन्हा पाहिला. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शनाला, व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीला, तेल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची.

"मग आपल्या उपयोगाची न्हाई," आबा म्हणाले. "परवाच रात्री शेजारच्या म्हातारीला दम लागला, तवा हीच नेली. तिला रॅलीची वाट बघत बसवू व्हय?"

मला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणीही आलं. मागे रांगेत मुलं फोनसाठी थांबली होती. मी घाईघाईने म्हणालो, "आबा, मी त्या दिवशी भंगार म्हणालो. चुकलो."

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आबा म्हणाले, "भंगार हा शब्द काय वाईट न्हाई बाळा. आमच्या युनिटात गाडी मोडीत निघाली की तिचा पार्ट अन् पार्ट दुसऱ्या गाडीला लागायचा. ह्या जीपलाबी निम्मा माल भंगारातनंच आणलाय. वाईट वाटलं ते शब्दाचं न्हाई. तू लाजलास, त्याचं वाईट वाटलं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही सुचलेलं नाही. मोटारींच्या सगळ्या व्याख्या मला पाठ आहेत, पण या वाक्याला कुठली व्याख्या लावावी ते कळत नाही. फिवाच्या तक्त्यात ते बसत नाही, सरकारी नियमातही नाही.

मी एवढंच विचारलं, "मग ती व्हिंटेज नाही, अँटिक नाही, क्लासिक नाही. तिला म्हणायचं काय?"

"आपली जीप," आबा म्हणाले.

बाबांचं मत अजून बदललेलं नाही, आणि त्यांचंही पूर्ण चूक आहे असं मला वाटत नाही. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते. त्यासाठी तपासणीत पास व्हावं लागतं, कर भरावा लागतो. धूर जास्त निघाला, ब्रेक धरले नाहीत, तर पास होणार नाही, आणि तसं असेल तर ती रस्त्यावर नसलेलीच बरी. आमच्या जीपची मुदत येत्या उन्हाळ्यात संपते. बाबा म्हणाले आहेत, पास झाली तर राहील, नाही झाली तर जाईल. आबांना हे मान्य आहे. फौजेतही गाडीला तपासणी चुकत नाही, असं ते म्हणतात.

सुट्टीत मी घरी जाणार आहे. ब्रेकचं काम काढायचं, असं आबांनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय. जुन्या संग्रहालयांतल्या गाड्या मला यापुढेही आवडतीलच, आणि म्हैसूरच्या त्या हॉलमध्ये मला पुन्हा एकदा निवांत जायचं आहे. त्या काचेसारख्या चकचकीत गाड्याही कधीतरी कुणाच्या तरी 'आपल्या' गाड्या होत्या. त्या डिकीत बसून पावसात भिजलेलं एखादं पोर असेलच की. त्याचं नाव कुठल्या पाटीवर नाही, पण त्याच्या बैठकीचं नाव आपल्या तोंडात आहे.

मागच्या रविवारी आबा पुन्हा भेटायला आले होते. रांगेच्या टोकाला जीप उभी राहिली, दोन आचके देऊन गप्प झाली. एका नव्या सहावीच्या कॅडेटने मला विचारलं, "दादा, ही कुठली गाडी?"

मी म्हणालो, "आमची आहे. ये, स्टेपनी दाखवतो."

निघताना आबांनी पलीकडचं दार उघडून म्हटलं, "बस. गेटपर्यंत सोडतो."